फोन पुरतो की कॅमेरा लागतो? खिशात हात घालण्याआधी एक रविवार मंडईत घालवा

श्रावण लागला की मला फोन सुरू होतात. "दादा, गणपतीच्या आत कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी विचारतो, कशाचे फोटो काढणार? तर पलीकडे शांतता, मग "असंच, सगळेच." आता सगळेच फोटो काढणारा कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही, आणि ज्याला कशाचे काढायचे तेच माहीत नाही त्याने चाळीस-पन्नास हजार घातले की तो कॅमेरा दिवाळीपर्यंत कपाटात जातो, माझ्या ओळखीत असे चार तरी आहेत. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करेन.

पहिली गोष्ट, फोनची काच पुसा. हसू नका. "फोनचा कॅमेरा खराब झालाय, फोटो दुधाळ येतात, दिव्यांना झालर दिसते" म्हणून आलेल्या दहातल्या सात फोनवर वडापावचं तेल असतं. सदऱ्याच्या टोकाने पुसलं तरी चालतं, फक्त आधी फुंकर मारा म्हणजे धूळ घासली जाणार नाही.

मग रविवारी सकाळी पुण्याच्या मंडईत जा. आता मेट्रो मंडईलाच थांबते, गाडी कुठे लावू हा बहाणा पण संपला. मंडईच का, तर १८८६ सालची ती दगडी इमारत म्हणजे फुकटची परीक्षा आहे, बाहेर लख्ख ऊन, आत गाळ्यांवर अंधार आणि मधूनच एखादा उजेडाचा पट्टा, वर उंच मनोरा, आणि सगळीकडे माणसं धावपळीत. तिथे फोनवर फक्त चार फोटो काढायचे. एक, बाहेर उन्हात लावलेला टोमॅटोचा नाहीतर लिंबांचा ढीग. दोन, आत अंधाऱ्या गाळ्यावर भाजी तोलणारा हात (विचारून काढा हो, आणि पावशेर मिरची तरी घ्या). तीन, लांबून मनोऱ्याचं टोक, झूम करून. चार, डोक्यावर पाटी घेऊन चाललेला हमाल, चालता असतानाच, थांबवून नाही.

घरी आलात की हे फोटो फोनवर बघू नका. फोनच्या स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं, तिथेच लोक फसतात. लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर टाका आणि मोठे करून बघा.

पहिला फोटो वाईट आला असेल तर कॅमेऱ्याचं नाव काढू नका, उन्हात ठेवलेल्या लिंबांचा फोटो गेल्या सात-आठ वर्षांतला कुठलाही बरा फोन नीट काढतो, गडबड तुमच्या उभं राहण्यात आहे. दुसऱ्यात मिरच्यांचा चिखल झाला असेल, म्हणजे देठ वेगळे दिसत नाहीत, हाताची कातडी मेणासारखी गुळगुळीत झालीय, तर तुम्हाला उजेड कमी पडतोय. तिसऱ्यात मनोरा ब्रशने रंगवल्यासारखा दिसत असेल तर लांबचं पोचत नाहीये. चौथ्यात हमालाचे पाय गायब असतील तर हालचाल पकडता येत नाहीये. आता स्वतःला विचारा, यातला कुठला फोटो मला वर्षभर काढायचाय? पहिलाच असेल तर पैसे वाचले. बाकी तीनपैकी असेल तर पुढे वाचा.

अंधाराची भानगड सेन्सरची, म्हणजे आत उजेड झेलणाऱ्या चिपची आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. साध्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) असतो तो एपीएस-सी, साधारण ३३० ते ३७०. आणि बहुतेक महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा असतो जेमतेम ७० च्या आसपास, त्याच फोनच्या झूमच्या आणि वाइडच्या कॅमेऱ्यांचा तर त्याहून लहान. पागोळीखाली एक घंगाळ ठेवा नि एक वाटी ठेवा, तितक्याच वेळात कुठे किती पाणी जमेल ते बघा, तेवढंच आहे हे. मेगापिक्सेलचा इथे काही संबंध नाही. २०० मेगापिक्सेल म्हणजे त्याच वाटीत २०० खण पाडलेत. आणि छापायलाही इतके लागत नाहीत, ए-फोर आकाराचा चांगला प्रिंट काढायला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल होतात, तुमच्या फोनचे १२ त्याला उरून पुरतात.

मग वाटी घेऊन फोन रात्रीचे एवढे भारी फोटो कसा काढतो? तर तो एक फोटो काढतच नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो भराभर पाच-दहा फोटो काढतो, एकमेकांवर नीट बसवतो, त्यातले दाणे (अंधारात फोटोवर येणारी खरखर) घालवतो, सावल्या उजळतो आणि तुम्हाला एकच तयार ताट वाढतो. समोरचं स्थिर असेल तर ही युक्ती अफाट चालते. रात्री शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा फोनवर काढा आणि नवशिक्याने डीएसएलआरवर ऑटोमध्ये काढलेला बघा, फोनचा चांगला असेल, मी पैज लावतो.

पण समोरचं हललं की फजिती. दोन वर्षांपूर्वी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर एका ढोल पथकाचे फोटो घेत होतो, कॅमेरा घरी राहिला होता, म्हटलं फोन आहेच की. संध्याकाळचे सात, वरून हॅलोजन, गुलाल नाही पण धूळ भरपूर, पहिल्या रांगेतली एक मुलगी दात-ओठ खाऊन ढोल बडवतेय, चेहरा असा काही होता की बस. फोटो घरी येऊन बघितला. चेहरा स्वच्छ, नथ स्वच्छ, ढोलाच्या दोऱ्या मोजून घ्या. हातात टिपरूच नाही! मूठ आवळलेली आणि पुढे काही नाही, रिकामी हवा. फोनने दहा फोटो एकावर एक बसवताना टिपरू प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी सापडलं, त्याला वाटलं हा कचरा आहे, पुसून टाकलं. पथकाच्या फोटोत टिपरू नसेल तर मग काय उरलं सांगा.

तर फोनवर हलतं काही काढायचं असेल तर नाइट मोड हाताने बंद करा. दाणे येतील, येऊ देत. प्रो मोड असेल तर शटर १/५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवा, उजेड अगदीच नसेल तर १/२५०, त्याखाली ढोलवाल्याचा हात सापडत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, मांडवातल्या स्वस्त एलईडी माळांखाली फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, तो फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण वेगवान शटरला दिसतं. तिथे शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे जातात. मग हलणारं कसं पकडायचं? नाही पकडता येत, जागा बदला, हॅलोजनखाली किंवा दुकानाच्या उजेडात जा. दोन्ही एकदम मिळत नाही.

फोन पुरतोय असं ठरलं असेल तर निदान तो नीट वापरा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट खाली ओढून फोटो थोडा काळोखा करा. गणपतीच्या मूर्तीला हे हमखास करा. शेंदूर, जास्वंद, झेंडू या तिघांना फोनवर नेहमी जास्त उजेड मिळतो आणि मग फुलाच्या पाकळ्याच राहत नाहीत, नुसता लाल-केशरी धब्बा. आरतीच्या ताटाचंही तेच, निरांजनाची ज्योत पांढरी फटक दिसतेय तोवर बोट खाली ओढत राहा.

चेहऱ्याचा फोटो जवळ जाऊन, साध्या १एक्सवर काढू नका. नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात, बायका चिडतात ते बरोबरच आहे. चार पावलं मागे व्हा आणि २एक्स किंवा ३एक्स दाबा. बोटांनी चिमटा काढून मधलंच काहीतरी झूम करण्यापेक्षा स्क्रीनवर जे आकडे दिलेत त्यांवरच थांबा. आणि एक गंमत करून बघा. रात्री घरात ३एक्सवर ठेवा आणि झूमच्या लेन्सवर बोट धरा. स्क्रीन काळी व्हायला पाहिजे ना? बऱ्याच फोनवर होत नाही. उजेड कमी असला की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर येतो आणि त्याचाच मधला तुकडा कापून मोठा करून देतो. म्हणजे झूमचे पैसे भरूनही संध्याकाळी झूम मिळतच नाही.

पोर्ट्रेट मोड म्हणजे मागचं धूसर करायचा हिशोब असतो, खरी धूसर नाही. गजऱ्याच्या कडेला, चष्म्याच्या काडीला, सुटलेल्या केसांना तो चुकतो. लग्नात नथीची तार अर्धी खाल्लेली मी पाहिलीय.

आता जिथे फोन सरळ कॅमेऱ्याला हरवतो ते पण सांगतो, कारण कॅमेरावाले हे कबूल करत नाहीत. रांगोळी, जेवणाचं ताट, कुंडीतली फुलं, बारा माणसांचा ग्रुप फोटो. लहान सेन्सरमुळे फोनवर पुढून मागेपर्यंत सगळं शार्प येतं. मी नवीन नवीन ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेतली होती, एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं, एफ १.८ ला मागचं मस्त विरघळतं, मला तेवढंच येत होतं. भाच्याच्या मुंजीत सगळ्या घराचा फोटो त्याच एफ १.८ वर काढला. पुढची रांग कडक, मागच्या रांगेत आजी, धूसर. फ्रेम करून नेली तर आजी म्हणाली, "हा भिंतीवर नको लावू, यात मी आत्ताच निम्मी गेल्यासारखी दिसतेय." दोन रांगा असतील तर एफ ५.६, तीन असतील तर एफ ८, हे त्या दिवशी पाठ झालं. तोच फोटो आत्याने शेजारी उभं राहून फोनवर काढला होता, आज भिंतीवर तो आहे.

बरं, आता कॅमेरा. लांबचं आणि हलतं, किंवा अंधारातलं आणि हलतं, या दोन गोष्टींसाठी तो घ्यायचा, बाकी सगळं हौस. हौसेला माझी हरकत नाही, फक्त तिला गरज म्हणू नका.

लांबचं म्हणजे पुण्यात पक्षी. थंडीत कवडीपाटला पहाटे नदीवर धुकं असतं आणि पाण्यात काय काय तरंगत असतं ते बघायचं नाही, वर बघायचं. किंवा भिगवण, सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर, उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, कुंभारगावातून होडी मिळते. चांगल्या फोनची खरी झूम १२० मिलिमीटरच्या आसपास संपते (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं), त्यापुढचं बरंचसं कापून मोठं केलेलं. पक्ष्यांना ४००-६०० मिलिमीटर पाहिजे, आणि तिथे खर्च बॉडीचा (लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याचा) नसतो, लेन्सचा असतो, बॉडीच्या दुप्पट-तिप्पट सहज. जुना हिशोब असा की जितक्या मिलिमीटरची लेन्स तितक्यावा भाग शटरला ठेवायचा, ६०० ला निदान १/६००, पण तो फक्त तुमचा हात हलण्याचा झाला, पक्षी उडत असेल तर १/२००० च्या खाली जाऊ नका. होडीत ट्रायपॉड नेऊ नका, होडीच हलते. होडीवाल्याला आधीच सांगा की ऊन पाठीशी ठेव आणि इंजिन लांबच बंद कर, ते लोक आपल्यापेक्षा जास्त जाणतात पण सांगितल्याशिवाय करत नाहीत.

अंधारातलं हलतं म्हणजे शाळेचं गॅदरिंग, नाटक, नाच, आणि घरात पळणारं दीड वर्षाचं पोर. इथे मोठी लेन्स नको, उलट स्वस्तातली ५० मिलिमीटर एफ १.८ पाहिजे. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ ची किट लेन्स येते ती ५५ वर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही, आणि एफ १.८ त्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सवर १/३० मिळत होता आणि पोरगं हलत होतं तिथे १/२५० मिळतो. फरक बॉडी बदलून पडत नाही, या एका लेन्सने पडतो, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही कारण ती लेन्स स्वस्त आहे.

घेण्याआधी भाड्याने घ्या. पुण्यात एक-दोन दिवसांसाठी बॉडी-लेन्स भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. एक दिवस आणा, पुन्हा मंडईत जा, तेच चार फोटो काढा आणि फोनच्या चार फोटोंशेजारी लावा. फरक तुमच्या घरच्यांना दिसला पाहिजे, नुसता तुम्हाला नाही. कॅमेरा हातात घेताना दुकानातच त्याचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, काच, कडा, खालची प्लेट. माझं डिपॉझिट एकाने जुन्या ओरखड्यासाठी कापलं होतं, मी वाद घातला, तो चहा पीत राहिला.

जुना घ्यायचा असेल तर आत्ता डीएसएलआर स्वस्त आहेत, कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) गेलंय. फोटो तेवढेच चांगले येतात, लाजू नका. शटर किती वेळा पडलंय ते बघा, सुरुवातीच्या मॉडेलचं शटर साधारण एक लाख क्लिक धरून बनवलेलं असतं. लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, नमस्कार करून परत द्या. एफ २२ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण तेवढे पैसे कमी करून घ्या.

बुरशीवरून आठवलं, हे मी पैसे देऊन शिकलोय. पहिल्या वर्षी कॅमेरा चांगल्या चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवला, जून ते ऑगस्ट हात लावला नाही, पाऊस होता ना. गणपतीत काढला तर लेन्सच्या आत पांढरी नक्षी. चामडं आणि कापड ओल धरतं, अंधार असतोच, बुरशीला आणखी काय पाहिजे. आता मी हवाबंद प्लॅस्टिकचा मोठा डबा वापरतो, आत सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. ४० ते ५० च्या मधे ठेवायचा. सिलिकाचे रंगीत दाणे ओल प्यायले की रंग बदलतात, मग ते वाळवून परत वापरायचे. तांदूळ ठेवू नका, पीठ उडतं, आणि तो काही फार ओल ओढत नाही. आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा काढून चार फोटो काढणं. पावसाळ्यात एसी गाडीतून सिंहगडावर उतरताना कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, काचेवर धुकं धरतं, बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, तोवर भजी खा.

कॅमेरा आणलाच तर पहिल्या दिवशी डायल ऑटोवरून काढून एव्हीवर किंवा ए वर आणा, म्हणजे एफचा आकडा तुम्ही ठरवणार आणि बाकीचं तो. आयएसओ (कमी उजेडात फोटो किती उजळायचा तो आकडा) ऑटो ठेवा पण मेनूत जाऊन कमीत कमी शटर १/२५० करून टाका, आयएसओ ३२०० ला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो कशानेच दुरुस्त होत नाही. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही सेव्ह करा, रॉ चं काय करायचं ते सहा महिन्यांनी कळेल, तेव्हा फाइल हाताशी असतील. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एवढा खर्च करून शेवटी व्हॉट्सअ‍ॅपने पिळून काढलेला फोटो घरचे बघतात आणि म्हणतात, फोनचाच बरा होता की.

यंदा ज्या मामेभावामुळे हे लिहायला बसलो त्याने मंडईचा प्रयोग केला. लिंबं छान आली, मनोरा बरा आला, मिरच्यांचा चिखल झाला आणि हमालाचे पाय गेले. मी विचारलं, मग अंधारातलं तुला काय काढायचंय? बराच विचार करून म्हणाला, तसं काहीच नाही. कॅमेरा घेतला नाही. काल परत फोन आला होता, "दादा, ड्रोन कुठला घेऊ?"